जुनी मोटारसायकल आणि कच्ची वाट : टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

कुंभकोणमपासून अवघ्या काही किलोमीटरवर असलेले तिरुविडैमरुदूर हे तालुक्याचे गाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. महालिंगस्वामींच्या प्राचीन देवालयामुळे संस्कृत परंपरेत ‘मध्यार्जुन’ या नावाने ओळखले जाणारे हे क्षेत्र तंजावूरच्या मराठी राजघराण्याशीही जोडलेले आहे. इंग्रजांनी १७९८ मध्ये अमरसिंहांना गादीवरून दूर करून सरफोजी दुसरे यांना राज्यावर बसवले, त्यानंतर अमरसिंहांचे वास्तव्य याच गावी होते आणि १८०२ मध्ये त्यांचे निधन झाले. तंजावूर-कुंभकोणम परिसरात घरात आपली वेगळ्या वळणाची मराठी बोलणारी कुटुंबे आजही आहेत. या घरांतील आणि त्यांच्या तमिळ शेजाऱ्यांच्या घरांतील तरुण मंडळींना अलीकडे जडलेली एक हौस मात्र पुण्या-नाशिकच्या तरुणांहून वेगळी नाही. ती म्हणजे मोटारसायकल घेऊन डांबरी रस्ता सोडण्याची, नदीच्या वाळूत आणि डोंगराच्या कच्च्या वाटेवर जाण्याची.

या हौसेसाठी नवे वाहन घेणे प्रत्येकाला परवडत नाही. शिवाय कच्च्या वाटेवर शिकताना वाहन पडणारच, हे ठाऊक असल्याने जाणकारही पहिले वाहन जुनेच घ्यावे असे सांगतात. मग घरात चर्चा सुरू होते. कुणाच्या काकांची यामाहा आरएक्स-१०० आठवणीत असते, तिचा आवाज आणि तिची चपळाई यांच्या कथा असतात. दुसरीकडे मित्रमंडळी हिरो एक्सपल्सचे नाव घेतात. टू-स्ट्रोक घ्यावी की फोर-स्ट्रोक, हा प्रश्न बहुधा आवडीनिवडीच्या पातळीवरच सोडवला जातो. वास्तविक तो भूगोलाचा, यंत्रशास्त्राचा आणि बऱ्याच अंशी कागदपत्रांचा प्रश्न आहे.

वाटेपर्यंतची वाट

प्रथम भूगोल. तिरुविडैमरुदूर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात येते. सपाट भातखाचरे, कालवे, नारळीच्या रांगा आणि त्यांमधून जाणारे मातीचे बांध हे येथील दृश्य. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सोडले जाते; पाऊसमान चांगले असेल त्या वर्षी त्यानंतर कुरुवै आणि सांबा ही भातपिके उभी राहतात. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस येतो. या संपूर्ण काळात बांधावरची माती मऊ असते. तिच्यावरून खोल नक्षीच्या टायरची मोटारसायकल गेली की चाकोरी पडते, तिच्यातून पाणी झिरपू लागते आणि एखाद्या शेतकऱ्याची एका रात्रीची झोप जाते. शेतकरी स्वतः त्याच बांधावरून मोपेड नेतो हे खरे. पण तो चाळीस किलोचे पोते घेऊन सावकाश जातो, वेगाने माती उडवत नाही. तेव्हा या परिसरात हौशी चालकासाठी खरा हंगाम फेब्रुवारी ते मे एवढाच, आणि जागा म्हणजे गावाच्या संमतीच्या मोकळ्या जमिनी व कोरडी नदीपात्रे.

डोंगराची वाट हवी असेल तर पश्चिमेकडे जावे लागते. तंजावूर, तिरुच्चिरापल्ली ओलांडल्यावर उत्तरेला पचैमलै आणि त्यापलीकडे नामक्कल जिल्ह्यातील कोल्लीमलै. कोल्लीमलैचा घाट त्याच्या ७० हेअरपिन वळणांसाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे घरापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर डांबरावरून कापायचे, दिवसभर कच्च्या वाटांवर फिरायचे आणि तेवढेच अंतर परत यायचे.

हा तपशील निर्णायक आहे. अमेरिकेत किंवा युरोपात कच्च्या वाटेची मोटारसायकल गाडीच्या मागे जोडलेल्या ट्रेलरवर लादून नेतात. रस्त्यावर ती चालवायची नसते. त्यामुळे तिला दिवा नसला, नोंदणी नसली, आसन लाकडी फळीसारखे कडक असले तरी चालते. भारतात वाटेपर्यंत पोहोचवणारे वाहन आणि वाटेवर चालवायचे वाहन बहुधा एकच असते. पुण्याच्या चालकाला मुळशी किंवा मावळातील कच्ची वाट तासाभरात गाठता येते. कावेरीकाठच्या चालकाला त्यासाठी अर्धा दिवस लागतो. परदेशी मासिकांतील सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही, तो या कारणाने.

दोन इंजिने, दोन स्वभाव

टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या एकदा वर आणि एकदा खाली गेला की कामाचे एक चक्र पूर्ण होते. म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. फोर-स्ट्रोकमध्ये त्यासाठी दोन फेरे लागतात. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन यांपैकी काही नसते. सिलिंडरच्या भिंतीतील झरोके दट्ट्याच्या हालचालीनेच उघडतात व मिटतात. भाग कमी, म्हणून वजन कमी आणि दुरुस्ती सोपी. त्याची किंमतही आहे. ताजे इंधन आत येत असतानाच जळलेला वायू बाहेर जात असल्याने काही इंधन न जळताच सायलेन्सरमधून निसटते. क्रँककेसमधून इंधनमिश्रण जात असल्यामुळे तेथे फोर-स्ट्रोकसारखे तेल साठवता येत नाही. वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच आत जाते आणि जळून जाते. टू-स्ट्रोकचा निळसर धूर आणि तो ओळखीचा वास याच तेलाचा.

वाटेवर या फरकाचा अनुभव कसा येतो? टू-स्ट्रोक मोटारसायकल हलकी असते. आरएक्स-१०० चे वजन सुमारे शंभर किलो. दगडात अडकली तर एकटा माणूस तिचे मागचे चाक उचलून बाजूला ठेवू शकतो. ॲक्सिलरेटर पिळताच ती झेपावते. परंतु ही ताकद इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांत असते. चढावर वेग मंदावला, फेरे उतरले की ताकद एकदम नाहीशी होते आणि चालकाला क्लच घसरवत राहावे लागते. सरावलेल्या हाताला यातच गंमत वाटते. नवशिक्याचे मनगट मात्र पहिल्या तासात थकते. फोर-स्ट्रोक कमी फेऱ्यांतही शांतपणे ओढत राहते, दगडगोट्यांच्या चढावर चालण्याच्या वेगानेही बंद पडत नाही, आणि वाळूत मागचे चाक जागच्या जागी फिरून रुतण्याची शक्यता कमी असते.

उताराचा विचार फार थोडे लोक करतात. वास्तविक खरा प्रश्न तेथेच आहे. ॲक्सिलरेटर सोडून खालच्या गिअरमध्ये उतरताना फोर-स्ट्रोकचे इंजिन वाहनाला मागे खेचून धरते. टू-स्ट्रोकमध्ये ही रोख नाममात्र असते. सगळा भार ब्रेकवर येतो. आरएक्स-१०० ला पुढे व मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत, आणि लांब घाटात ड्रम तापले की त्यांची पकड कमी होते. त्यात आणखी एक गोष्ट. वंगणाचे तेल इंधनाबरोबर येत असल्याने ॲक्सिलरेटर बंद ठेवून उतरताना, इंजिन वेगाने फिरत असूनही त्याला तेल अगदी थोडे मिळते. सत्तर वळणांचा घाट अशा रीतीने उतरल्यास दट्ट्या सिलिंडरमध्ये धरला जाण्याचा, म्हणजे इंजिन सीज होण्याचा संभव असतो, आणि मागचे चाक अचानक जाम होते. जुने चालक उतारावर मधूनमधून क्लच दाबून ॲक्सिलरेटरला हलका झटका देत असत, ते याचसाठी. हात क्लचवरच ठेवण्याची सवयही त्यातूनच आली. ज्याने ही सवय कधी शिकलेली नाही अशा तरुणाच्या हाती टू-स्ट्रोक देऊन त्याला कोल्लीमलै किंवा वरंध घाटात पाठवणे हा विचारपूर्वक घेण्याचा निर्णय आहे.

जागतिक स्पर्धांच्या इतिहासात हा झगडा कधीच होऊन गेला. कच्च्या धावपट्टीवरील मोटोक्रॉस शर्यतींत १९७० च्या दशकापासून टू-स्ट्रोकचेच राज्य होते. १९९८ मध्ये यामाहाने वायझेड-४०० एफ ही फोर-स्ट्रोक विक्रीस आणली आणि काही वर्षांत चित्र पालटले. तरीही टू-स्ट्रोक नामशेष झाली नाही. केटीएमने २०१७ मध्ये इंधन-अंतःक्षेपण असलेल्या टू-स्ट्रोक एंड्युरो मोटारसायकली सादर केल्या आणि अवघड डोंगरी शर्यतींत हलक्या टू-स्ट्रोकचा मान टिकून राहिला. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडी येथे इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा हजारो प्रेक्षकांनी हवेत झेपावणाऱ्या अशा मोटारसायकली पाहिल्या. पण त्या परदेशी बनावटीच्या, केवळ धावपट्टीसाठीच्या; त्यांना आरटीओची नोंदणी मिळत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीविना वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. कावासाकीच्या केएलएक्स-११० आणि केएलएक्स-१४० या भारतात विकल्या गेलेल्या लहान डर्ट बाइकही याच प्रकारातल्या. ‘स्वस्तात मिळतेय’ म्हणून अशी जुनी मोटारसायकल घेणाऱ्याला ती टेम्पोत घालूनच न्यावी लागेल.

बाजारात काय मिळते

नोंदणी होऊ शकणाऱ्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींमध्ये आरएक्स-१०० चे नाव सर्वतोमुखी आहे. ९८ घनसेंटिमीटरची, ११ अश्वशक्तीची ही मोटारसायकल १९८५ ते १९९६ या काळात विकली गेली. तिची थोरली भावंडे त्यानंतरही येत राहिली; आरएक्स-१३५ चे उत्पादन २००५ च्या सुमारास थांबले. तमिळनाडूतील होसूर येथे तयार झालेल्या इंड-सुझुकी आणि पुढे सुझुकी सामुराई, शोगन याही आठवणीतल्या. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातील येझ्दी अडीचशे घनसेंटिमीटरची, वजनदार आणि दणकट. तो कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. या सर्व नावांतून एकच बाब समोर येते. बाजारात मिळणारी सर्वांत तरुण टू-स्ट्रोक मोटारसायकलसुद्धा आज विशीत आहे, आणि बहुतेक तिशी ओलांडलेल्या आहेत. टू-स्ट्रोक घेणारा माणूस इंजिनाचा प्रकार निवडतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो वाहनाचे वय निवडत असतो.

या वयाला बाजारात आठवणींची किंमत जोडली जाते. उत्तम स्थितीतील आरएक्स-१०० साठी मागितली जाणारी रक्कम अनेकदा पुष्कळ अलीकडच्या फोर-स्ट्रोकपेक्षा अधिक असते. संग्राहकाला ती रास्त वाटेल. पण जी मोटारसायकल दर रविवारी दगडांवर आपटायची, तिच्या मूळ क्रोम मडगार्डचे पैसे मोजणे हा व्यवहार समजण्यापलीकडचा आहे. उलट, आधीच अर्धवट बदललेली, दिसायला ओबडधोबड पण इंजिनाने निरोगी अशी टू-स्ट्रोक कमी किमतीत मिळाली आणि घरात हाताला काळे लावून घेण्याची तयारी असेल, तर तिच्याइतकी चांगली शिक्षिका नाही.

फोर-स्ट्रोकमध्ये खास कच्च्या रस्त्यासाठी बनलेल्या तीन मोटारसायकली जुन्या बाजारात प्रामुख्याने आढळतात. हिरोची इम्पल्स २०११ मध्ये आली; दीडशे घनसेंटिमीटर, सुमारे १३ अश्वशक्ती, वजन १३४ किलो. ताकद बेताची, पण हलकी आणि साधी, कार्ब्युरेटरची. तिची विक्री काही वर्षांत थांबल्याने बाहेरचे प्लास्टिकचे भाग मिळवणे जिकिरीचे झाले आहे. २०१९ मध्ये आलेली एक्सपल्स-२०० ही तिची वारसदार. २१ इंची पुढचे चाक, जमिनीपासून २२० मिलिमीटर मोकळी उंची, वजन १५४ किलो आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाला. कच्च्या वाटेवर मागचे चाक हेतुतः घसरवता यावे लागते. तेव्हा ही उणीव नसून सोयच ठरते. तिसरी रॉयल एनफिल्डची ४११ घनसेंटिमीटरची हिमालयन. २०१६ ते २०२३ या काळात तमिळनाडूतच तयार झालेली. लांबच्या प्रवासाला तिच्यासारखी नाही, मात्र नंतरच्या आवृत्तीचे वजन दोनशे किलोच्या घरात जाते. वाळूत पडलेली हिमालयन एकट्याने उचलून पाहिल्याशिवाय ती घेण्याचा निर्णय करू नये.

आणखी एका पर्यायाकडे कुणी पाहत नाही. शंभर घनसेंटिमीटरची साधी स्प्लेंडर. दूधवाले, पोस्टमन, वीज मंडळाचे लाइनमन यांनी ती वर्षानुवर्षे अशा वाटांवर नेली आहे की ज्यांना वाट म्हणणे हेच औदार्य ठरावे. बटन टायर म्हणतात ते खोल नक्षीचे टायर, थोडे रुंद हँडल आणि इंजिनाखाली लोखंडी पत्रा एवढ्या सामग्रीवर पहिले वर्ष उत्तम शिकता येते. कोणत्याही गावात तिचा क्लच केबल मिळतो. ऐट मात्र मिळत नाही.

इंजिनाची पारख

पाहणी सकाळी, थंड इंजिनावर करावी. विक्रेत्याच्या घरी पोहोचताच प्रथम इंजिनाला हात लावावा. ते कोमट असेल तर आधीच सुरू करून ठेवले आहे असे समजावे आणि दुसरा दिवस मागून घ्यावा. थंड असताना सुरू होण्यास त्रास देणारी मोटारसायकल गरम झाल्यावर निर्दोष भासू शकते.

टू-स्ट्रोकच्या बाबतीत किक सावकाश, हाताने दाबून पाहावी. दट्ट्या वर येतो तेथे स्पष्ट प्रतिकार जाणवला पाहिजे. किक लोण्यात शिरल्यासारखी गेली तर रिंग किंवा सिलिंडर झिजले आहे. झिजलेले सिलिंडर रीबोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. ही मापे पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात आणि चार पायऱ्यांनंतर साधारणपणे मर्यादा येते. म्हणून ‘इंजिन नुकतेच केले आहे’ या वाक्यावर समाधान न मानता ‘आत कितव्या मापाचा पिस्टन आहे’ असे विचारावे. शेवटच्या मापाचा असेल तर पुढील दुरुस्तीला नवा ब्लॉक किंवा नवी लायनर लागेल, आणि मूळ कारखान्याचा ब्लॉक आता सहजासहजी मिळत नाही. बाजारात आहे तो माल बहुतांशी नकली.

सुरू झाल्यानंतर थोडा निळसर धूर हा दोष नव्हे. इंजिन तापल्यावरही धुराचा लोट थांबत नसेल आणि गिअरबॉक्समधील तेलाची पातळी कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचे क्रँक ऑइल सील गेले आहे. गिअरचे तेल आत ओढले जाऊन जळते. याउलट धूर मुळीच नसेल आणि इंजिन आपोआप वाढत्या फेऱ्यांत जात असेल तर अधिक सावध व्हावे. मॅग्नेटच्या बाजूच्या सीलमधून हवा शिरत असल्याचे ते चिन्ह असते. हवा जादा, इंधन व तेल कमी. अशा स्थितीत पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाते. खालून येणारा खोल ठोकरल्यासारखा आवाज क्रँकच्या बेअरिंगचा; तो ऐकू आल्यास किमतीची बोलणी पुन्हा पहिल्यापासून करावी.

आरएक्स मालिकेत तेलाची स्वतंत्र टाकी आणि पंप असतो. पुष्कळ मालकांनी हा पंप काढून टाकून पेट्रोलमध्येच तेल मिसळण्याची पद्धत धरलेली असते. त्यात गैर काही नाही, परंतु नव्या मालकाला ते ठाऊक हवे. नुसते पेट्रोल भरून निघालेली अशी मोटारसायकल फार दूर जात नाही. साधारणपणे लिटरला २० ते २५ मिलिलिटर तेल, हे प्रमाण. तिरुविडैमरुदूरहून डोंगरापर्यंत जाऊन-येऊन चारशे किलोमीटर धरले आणि लिटरला ३५ किलोमीटर मिळाले, तर साडेअकरा लिटर पेट्रोलबरोबर पाव लिटरहून अधिक तेल जवळ बाळगावे लागेल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते. जुन्या मोटारसायकलीचे रबरी पाइप, कार्ब्युरेटरमधील सील त्यासाठी बनवलेले नव्हते. ते बदलले आहेत का हे विचारावे, आणि वाहन पंधरवडाभर उभे राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.

फोर-स्ट्रोकमध्ये धुराचा अर्थ वेगळा. तेथे निळा धूर म्हणजे दोषच. सुरू करताना क्षणभर येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे सील, आणि ॲक्सिलरेटर वाढवताना सतत येत असेल तर रिंग. डाव्या-उजव्या बाजूने येणारा साखळी घासल्यासारखा आवाज टायमिंग चेनचा. तेलाची डिपस्टिक काढून बोटावर तेल चोळावे. काळे असले तर बिघडत नाही, पण दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे आणि चमचमले तर आत धातू झिजतो आहे. कच्च्या वाटेवरून आलेल्या मोटारसायकलीत दुधाळ तेलाचा अर्थ बहुधा ओढा ओलांडताना इंजिनात गेलेले पाणी असा निघतो. एअर फिल्टरचे झाकण उघडून पाहावे. फिल्टरच्या आतल्या, म्हणजे इंजिनाकडील बाजूला चिखलाचा बारीक थर असेल तर आधीच्या मालकाने मोटारसायकल पाण्यात बुडवली होती, मग तो काहीही म्हणो.

इंजिनाइतकाच, किंबहुना अधिक वेळ सांगाड्याला द्यावा. इंजिन पुन्हा बांधता येते. वाकलेली चासिस सरळ झाली तरी भरवशाची राहत नाही. हँडलच्या नळीजवळचे वेल्डिंग, नवा रंग फक्त तेवढ्याच भागावर दिला आहे का, मागून पाहता दोन्ही चाके एका रेषेत दिसतात का, हे तपासावे. पुढचे चाक अधांतरी धरून हँडल सावकाश वळवावे. मध्ये खाच लागल्यासारखे अडकले तर कोनसेट गेला आहे. स्पोकवर चमच्याने टकटक केली असता सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. इंजिनाखालच्या पत्र्यावरील ओरखडे हा दोष मानू नये. ते प्रामाणिक ओरखडे होत; त्यावरून वाहन कसे वापरले गेले ते तरी कळते.

कागदपत्रे

येथे जुन्या टू-स्ट्रोकची खरी परीक्षा होते. नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी नमुना २५ भरून वाहन तपासणीसाठी आरटीओपुढे न्यावे लागते. ऑक्टोबर २०२१ च्या नियमांनुसार १ एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलीचे हे शुल्क तीनशेवरून एक हजार रुपये झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील वाहनांसाठी ते आणखी वाढवण्यात आले. शुल्कापेक्षा तपासणी महत्त्वाची. सायलेन्सर बदललेला, दिवे काढलेले, इंजिन दुसऱ्याच मोटारसायकलीचे, अशा अवस्थेतील वाहन तेथे अडते. कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारे फेरफार करता येत नाहीत. आरसीवरील चासिस व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष ठशाशी अक्षरशः एकेक अंक जुळवून पाहावेत. ठसा घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा रंगाखाली दडलेला असेल तर किंमत कितीही कमी असो, तेथून निघावे. चोरीचे वाहन निष्पन्न झाल्यास वाहन जाते आणि पैसेही जातात.

परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर वाहन क्रमांक टाकला की नोंदणीची मुदत, विमा आणि कर्जाचा बोजा यांची माहिती मिळते. प्रलंबित ई-चलनेही पाहता येतात. कर्जाच्या बोजाबाबत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. हप्ते फेडले की बोजा आपोआप उतरतो असे विक्रेत्याला प्रामाणिकपणे वाटत असते. वस्तुतः कर्ज देणाऱ्या बँकेने सही केलेला नमुना ३५ आणि ना-हरकत पत्र आरटीओकडे दाखल केल्यानंतरच आरसीवरील नोंद निघते. बोजा उतरलेला नसताना पूर्ण रक्कम देऊ नये. फेड शिल्लक असल्यास ती रक्कम थेट कर्जखात्यात भरावी आणि उरलेली विक्रेत्याला द्यावी.

मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० लागतात. विक्रेत्याने त्याच राज्यातील व्यवहाराची सूचना चौदा दिवसांत द्यायची असते, खरेदीदाराने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. पुण्यातील आरएक्स विकत घेऊन ती टीएन-६८ या कुंभकोणमच्या क्रमांकावर आणायची असेल तर मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आवश्यक. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवल्यास तेथे पुन्हा नोंदणी आणि कर आलाच. शेजारच्या गावातील, थोडी महाग पण त्याच आरटीओची मोटारसायकल पुष्कळदा अंती स्वस्त पडते.

विम्याच्या बाबतीत आरएक्सप्रेमींची निराशा होते. पाच वर्षांवरील वाहनाचे विमाकृत घोषित मूल्य कंपनी व ग्राहक यांनी आपसांत ठरवायचे असते, आणि कंपनी आठवणींची किंमत धरत नाही. लाखभर खर्चून सजवलेली मोटारसायकल चोरीला गेल्यास भरपाई त्या घोषित मूल्याएवढीच मिळते. तृतीय पक्ष विमा तर कायद्याने सक्तीचाच; आयोजित शर्यतीत झालेले नुकसान सर्वसाधारण पॉलिसीत येत नाही. जुन्या दुचाकीसाठी कर्ज देताना बँका वाहनाचे वय पाहतात, त्यामुळे तीस वर्षांची टू-स्ट्रोक बहुधा रोखीनेच घ्यावी लागते, तर चार-पाच वर्षांच्या फोर-स्ट्रोकसाठी कर्जाचा विचार होऊ शकतो. वनखात्याच्या राखीव जंगलात परवानगीविना वाहन नेणे हा गुन्हा आहे, आणि कोल्लीमलै-पचैमलैचा बराच भाग राखीव वनात मोडतो. तेथे पायवाट दिसली म्हणून ती खुली असते असे नाही.

राहता राहिला अंदाजपत्रकाचा भाग. हाती असलेली सगळी रक्कम वाहनावर घालू नये. समजा ऐंशी हजार रुपये आहेत, तर वाहन साठ हजारांपर्यंतचे पाहावे. उरलेल्यातून आधी हेल्मेट, घोट्यापर्यंतचे भक्कम बूट, गुडघा व कोपर यांची कवचे आणि हातमोजे घ्यावेत. त्यानंतर टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक लायनर आणि सर्व केबल बदलून घ्यावेत. पहिल्या महिन्यात घरापासून वीस किलोमीटरच्या आतच फिरावे, म्हणजे बिघाड झाल्यास टेम्पोचे भाडे परवडते. जो खरेदीदार अजून शिकतो आहे, ज्याला डोंगर गाठण्यासाठी दीडशे किलोमीटर डांबर तुडवायचे आहे आणि ज्याच्या गावात टू-स्ट्रोकचा शेवटचा जाणता मेकॅनिक कधीच दुकान बंद करून बसला आहे, त्याच्यासाठी जुनी एक्सपल्स किंवा चांगली राखलेली इम्पल्स हाच योग्य पर्याय. ज्याच्या अंगणात जागा, पेटीत पाने आणि हाती निवांत संध्याकाळ आहे, त्याने खुशाल आरएक्स पाहावी. नमुना ३० वर सही होण्यापूर्वी दुसरी किल्ली आणि जुनी सर्व्हिसची बिले मागून घ्यावीत, आणि पिस्टनचे माप विक्रेत्याच्याच हातून पावतीवर लिहून घ्यावे.